आमची मुलं तशी नाहीत!

हे वाक्य मी सोसायटीच्या ऑफिसात इतक्यांदा ऐकलंय की आता ते उपविधींमध्येच छापून टाकावं असं वाटतं. सदस्य पंचाहत्तरीचे, सकाळचं फिरणं आटोपून आलेले, पायात पांढरेशुभ्र बूट. मी सेक्रेटरी या नात्यानं विचारते, "काका, मृत्युपत्र केलंय ना?" काकांच्या चेहऱ्यावर दयार्द्र स्मित उमटतं. बिचारीच्या माहेरी भांडणं असणार, असा त्याचा अर्थ. मग मान किंचित वर करून काका उच्चारतात, "गरजच काय? आमची मुलं तशी नाहीत."

तशी म्हणजे कशी हो? मी आजवर ज्यांना ज्यांना विचारलं त्यांच्यापैकी एकाचीही मुलं तशी नाहीत. तरी दिवाणी न्यायालयं वाटणीच्या दाव्यांनी तुंबलेली आहेत. ते दावे बहुधा अनाथ लोक लावत असावेत.

बरं, काका बेसावध गृहस्थ असते तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण हेच काका मोबाइलच्या काचेचा विमा उतरवतात. नातीच्या पत्रिकेतला मंगळ तीन ज्योतिषांकडून तपासून घेतात. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत पाण्याच्या टाकीच्या झाकणाला दोन कोटेशनं का घेतली, तिसरं का नाही, म्हणून मला उभं-आडवं सोलतात. आणि आयुष्यभराच्या कमाईचा, हप्ते फेडता फेडता केस गळाले त्या फ्लॅटचा प्रश्न आला की हे चाणक्य एकदम गोकुळातले नंदबाबा होतात. सगळं प्रेमावर सोपवून मोकळे.

प्रेमावर सोपवतात असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात ते सोपवतात 1956 च्या हिंदू वारसा कायद्यावर, आणि तो कायदा त्यांनी वाचलेला नसतो. त्यांची समजूत अशी, की "मी गेल्यावर सगळं आपोआप हिचं." ही म्हणजे काकू. आपोआप? हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर पहिल्या वर्गाच्या वारसांना सारखा हिस्सा मिळतो. बायको, मुलगा, मुलगी आणि त्याची आई. हो, आई! समजा पन्नाशीचा गृहस्थ हृदयविकारानं गेला, मागे बायको, एक मुलगा, एक मुलगी आणि गावी चौऱ्याऐंशी वर्षांची आई. ज्या फ्लॅटचे निम्मे हप्ते बायकोनं भरले पण कागदावर नाव मात्र एकट्या साहेबांचं, त्या फ्लॅटचा चौथा हिस्सा आता सासूबाईंचा. पुढे सासूबाई गेल्या, त्यांनीही काही लिहून ठेवलं नाही (त्या कशाला लिहितील, त्यांचीही मुलं तशी नाहीत), की त्यांच्या त्या चौथ्या हिश्शात दीर आणि नणंदा उतरतात. म्हणजे ज्या भाऊजींनी पंधरा वर्षांत या घरी चहा घेतला नाही, ते वहिनींच्या स्वयंपाकघराचे सहमालक. आणि वडील हयात असतील तर त्यांना काय? शून्य. वडील दुसऱ्या वर्गात. आईला पहिला वर्ग, बापाला दुसरा. रेल्वेनंही नवराबायकोची अशी ताटातूट कधी केली नाही.

आता पस्तिशीतली जोडपी. त्यांचा पवित्रा वेगळा. "आमचं काय एवढं वय झालंय?" म्हणतात. वय नाही झालं, पण मूल झालंय ना? त्या मुलाला बालवाडीत घालताना तुम्ही सहा शाळा हिंडलात, मुख्याध्यापिकेची मुलाखत तुम्हीच घेतलीत, डब्यात मैदा चालणार नाही हे लेखी दिलंत. आणि तुम्ही दोघं एकाच गाडीत, एकाच एक्स्प्रेसवेवर, एकाच रात्री संपलात तर ते मूल कुणाकडे वाढेल, हे कुठे लिहिलंय? कुठेच नाही. मैद्याबद्दल लेखी आहे, मुलाबद्दल नाही. इकडचे आजी-आजोबा म्हणणार आमच्या घराण्याचा अंकुर. तिकडचे म्हणणार आमच्या लेकीची निशाणी. आणि 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली न्यायाधीश ठरवणार की बाळानं कुणाच्या घरी वरणभात खायचा. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम 9 मध्ये आईबापांना मृत्युपत्रातून पालक नेमण्याची सोय आहे. 1956 पासून आहे. पण त्यासाठी आत्या बरी की मावशी बरी हे नवराबायकोला एकदा समोरासमोर बसून बोलावं लागतं, आणि त्यापेक्षा एक्स्प्रेसवे सुरक्षित.

दोघांतला एकच गेला तरी गंमत कमी होत नाही. मृत्युपत्र नाही म्हणून मुलांचे हिस्से मुलांच्या नावावर. मुलं सज्ञान नाहीत. घर विकून माहेरच्या गावी लहान घर घ्यावं असं विधवेनं ठरवलं, तर अज्ञान मुलाचा स्थावरातला हिस्सा विकायला कोर्टाची पूर्वपरवानगी हवी. जन्मदात्री आई आपल्याच लेकराच्या हिताचं बघते आहे, हे तिनं अर्ज करून सिद्ध करायचं. आणि मुलगा अठराचा झाला, की विम्याचे, फंडाचे, ठेवींचे जे काही त्याच्या हिश्शाचे असतील ते सगळे पैसे एका सकाळी त्याच्या हाती. अठराव्या वर्षी! त्या वयात तुम्ही त्याला स्कूटरची किल्ली देताना तीन अटी घालत होतात. पैसा पंचविशीनंतर टप्प्याटप्प्यानं मिळावा असं वाटत असेल तर न्यास करता येतो. त्याचा कायदा 1882 पासून या देशात पडून आहे. पण न्यास म्हटलं की आपल्याला देवस्थानच आठवतं.

"अहो, पण आम्ही नॉमिनी घातलाय!"

आलं. या वाक्याची मी वाटच बघत होते. मराठी मध्यमवर्गाचा सर्वांत लाडका देव कोणता विचाराल तर गणपतीखालोखाल नॉमिनी. एकदा त्या चौकटीत मोठ्या मुलाचं नाव लिहिलं की काका कृतकृत्य होतात. आता जरा कान इकडे करा. कुरिअरवाला आला, तुम्ही घरी नव्हतात, शेजारणीनं सही करून पार्सल घेतलं. म्हणून आतली पैठणी तिची होते का? नॉमिनी म्हणजे ती शेजारीण. पैसे स्वीकारायचे आणि खऱ्या वारसांच्या हवाली करायचे. विम्याबाबत सर्वोच्च न्यायालयानं हे 1983 मध्ये सरबती देवी खटल्यात सांगितलं. पुढे कायदा बदलून 2015 पासून आईबाप, जोडीदार आणि मुलं नॉमिनी असतील तर विम्यापुरता अपवाद केला गेला. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबत "आमचा कायदा वेगळा" असा युक्तिवाद बरीच वर्षं चालला. तोही डिसेंबर 2023 मध्ये शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर या मुंबईहून गेलेल्या प्रकरणात निकालात निघाला. नॉमिनी मालक नव्हे. गृहनिर्माण संस्थेत तर आमच्याच कायद्यानं, 2019 च्या दुरुस्तीनंतर, नॉमिनीला तात्पुरता सदस्य हे बिरुद दिलंय. वारस ठरेपर्यंत त्यानं मेंटेनन्स भरायचा, सभेला यायचं, टाकीच्या झाकणावर भांडायचं. विकायचं मात्र नाही.

हे मी समजावून सांगितलं की मोठा मुलगा माझ्यावर चिडतो. "बाबांनी माझं नाव घातलं होतं." घातलं होतं रे राजा, पण ते तुला पैसे मिळावेत म्हणून की बँकेच्या खेपा तुझ्या नशिबी याव्यात म्हणून, हे बाबा सांगून गेले नाहीत. आणि आता 1 नोव्हेंबर 2025 पासून बँकेच्या खात्याला चार नॉमिनी लावता येतात. चार! खांदेकरी तेवढेच लागतात, हा योगायोग अर्थखात्याच्या ध्यानात आला होता की नाही, देव जाणे.

आता ज्या विषयावर आमचे काका सगळ्यात मोठ्यानं गप्प बसतात, त्याकडे येऊ. मुलगी.

विज्ञानेश्वरानं चालुक्यांच्या कल्याणीत बसून 'मिताक्षरा' लिहिली त्याला नऊशे वर्षं होऊन गेली. मुलाला जन्मतःच वडिलोपार्जितात हक्क, हा सिद्धांत तिथला. महाराष्ट्रानं 1994 मध्ये मुलीला सहदायाद, म्हणजे मुलासारखीच जन्मतः हक्कदार, केलं, पण तोवर लग्न झालेल्या मुलींना वगळून. म्हणजे बापानं घाई करून उजवली असेल तर हक्क गेला. 2005 मध्ये देशभर दुरुस्ती झाली. मग ती लागू झाली त्या दिवशी, 9 सप्टेंबर 2005 ला, बाप जिवंत होता की नव्हता यावर वकिलांनी पंधरा वर्षं पोटं भरली, आणि ऑगस्ट 2020 मध्ये विनीता शर्मा निकालानं सांगितलं की हक्क जन्मानं आहे, बापाच्या नाडीशी त्याचा संबंध नाही. हे झालं वडिलोपार्जिताचं. काकांचा फ्लॅट तर स्वकष्टार्जित. त्यात मुलीला मुलाइतकाच हिस्सा 1956 पासूनच आहे.

काकांना हे ठाऊक आहे बरं का. पेपर वाचतात ते. मनातून फ्लॅट मुलाला द्यायचा आहे. तसं लिहायला कायद्याची काही आडकाठी नाही. स्वकष्टाची मिळकत आहे, हवी त्याला द्या. पण तसं लिहिलं तर कागदावर दिसेल ना, की "मुलगा-मुलगी आम्ही कधी भेद केला नाही" हे भाषण कन्येच्या वाढदिवसालाच करायचं होतं! मुलीला अर्धा द्यावा म्हणावं, तर सूनबाईचा सकाळचा चहा थंड येईल. तेव्हा काका तिसरा मार्ग काढतात. काहीच लिहायचं नाही. आपण गेल्यावर तलाठ्यापुढे किंवा दुय्यम निबंधकाच्या कचेरीत मुलगी येईल, डोळे पुसेल, आणि हक्कसोडपत्रावर सही करून जाईल. समंजस आहे ती. तिला काय कमी आहे? लग्नात आम्ही सगळं केलं. भाऊबीजेला भाऊ साडी घेतोच.

या कुटुंबाचं सगळं वारसानियोजन म्हणजे बहिणीचा चांगुलपणा! कायद्यानं दिलेला हिस्सा ती सोडेल, भांडणार नाही, माहेर तुटू नये म्हणून गप्प बसेल, या एका गृहीतकावर कोटभराची इमारत उभी. तिनं सही केली तर देवी. "वकिलांना विचारून सांगते" म्हणाली तर कैदाशीण. आणि "आमची मुलं तशी नाहीत" या महावाक्याचा खरा अर्थ एवढाच की आमची मुलगी मागणार नाही. मुलाच्या चांगुलपणाची कसोटी घ्यायची वेळ या घरात कधी आलेलीच नसते. त्याला सोडायला सांगितलंच कुणी?

ज्यांना आपण अडाणी शेतकरी म्हणून हिणवतो, त्यांनी या बाबतीत आमच्या पांढऱ्या बुटांना केव्हाच मागं टाकलं होतं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली तेव्हा गावंच्या गावं पुढे आली आणि नवऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावानं सातबाऱ्यावर चढवला. ते कुणी मुलं कशी आहेत हे तपासत बसले नव्हते. आमच्या सोसायटीत शेअर सर्टिफिकेटवर बायकोचं नाव वाढवायचं म्हटलं की विचारतात, "कशाला? ती काय परकी आहे?"

काकूंनी स्वतः लिहावं का, हा तर कुणाच्या डोक्यातच येत नाही. निपुत्रिक विधवेनं काही न लिहिता डोळे मिटले तर तिची स्वकमाई आधी नवऱ्याच्या वारसांकडे जाते, तिच्या आईबापांचा नंबर त्यानंतर. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या प्रकरणात, लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झालेल्या आणि सासरनं हाकलून दिलेल्या बाईनं माहेरी राहून, शिकून, नोकरी करून साठवलेला पैसा शेवटी त्याच सासरच्या माणसांना मिळाला. तिच्या आईनं कोर्टात मागितला होता. लेकीला शिकवून स्वतःच्या पायावर उभं केलं म्हणून मिरवणाऱ्या आईबापांनो, तिच्या पायाखालची जमीन कुणाकडे जाणार हेही एकदा तिला विचारून घ्या.

या सगळ्याच्या अगदी उलट टोकाला दुसरी जमात. उदार. हे थांबतच नाहीत. महाराष्ट्रात राहतं घर मुलाला, मुलीला, नातवंडाला बक्षीस द्यायचं तर मुद्रांक शुल्क अवघं 200 रुपये (वर अधिभार असतो, पण औदार्य अशा क्षुल्लक गोष्टींनी अडत नाही). स्वस्तात मिळतंय म्हणून आपला माणूस काय करणार? जिवंतपणी सगळं देऊन टाकतो. कालपर्यंत घरात ज्याच्या खोकल्याचा दरारा होता, त्याला महिन्याभरात सांगतात, "बाबा, गॅलरीत खोका." मग धाव प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे. 2007 चा ज्येष्ठ नागरिक कायदा आहे खरा. पण निर्वाहभत्त्याची मर्यादा महिना 10,000 रुपये, आणि कलम 23 खाली बक्षीसपत्र रद्द करून हवं तर "सांभाळण्याच्या अटीवर दिलं" हे दाखवा. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, अट हवीच. जानेवारी 2025 मध्ये त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठानं म्हाताऱ्यांच्या बाजूनं कायदा सैल हातानं वाचला. म्हणजे तुमची गॅलरी कुठल्या पीठापुढे जाते त्यावर खोकल्याचं भवितव्य. एक ओळ लिहिली असती, "आम्हा उभयतांना आजन्म राहण्याचा हक्क राखून आणि सांभाळाच्या अटीवर", तर एवढं पुराण झालं नसतं. पण पोटच्या पोराला अट घालायची? छे, छे! आमची मुलं तशी नाहीत.

काहींची पळवाट नम्रतेची असते. "आमच्याकडे कुठे अंबानींएवढं आहे?" उदाहरण तरी नीट निवडा. धीरूभाई जुलै 2002 मध्ये मृत्युपत्राशिवाय गेले. दोन भावांचं भांडण मिटवायला 2005 मध्ये आईला मध्ये पडावं लागलं, आणि त्या वाटणीतला वायू कुणाला कुठल्या दरानं, हा वाद 2010 पर्यंत सर्वोच्च न्यायालयात धुमसत होता. त्यांना निदान भांडण परवडत होतं. तुमच्या दोन खोल्यांच्या वाटणीत वकिलाची फी म्हणून एक खोली जाते.

गोव्याचे लोक यात सुखी. पोर्तुगीज परंपरेतला कायदा तिथे अजून चालतो. मुलंबाळं असतील तर आपल्या मिळकतीच्या निम्म्यावरच मृत्युपत्राची मर्जी चालते, उरलेलं त्यांचं. मुसलमान बापालाही एकतृतीयांशापलीकडे वारसांच्या संमतीशिवाय लिहून देता येत नाही. आपल्या हिंदू बापाला स्वकष्टार्जितात संपूर्ण मोकळीक, आणि त्या मोकळिकीचं तो करतो काय, तर लोणचं.

आणि जे लिहितात ते तरी काय लिहितात! माझ्याकडे प्रती येतात, म्हणून सांगते. पहिली चार पानं आत्मचरित्र. कंदिलाच्या उजेडात शिक्षण, अनवाणी शाळा, साहेबाला बाणेदार उत्तर. पाचव्या पानावर उपदेश: मुलांनी गुण्यागोविंदानं नांदावं. सहाव्यावर, "दागिने योग्य त्या सुनेस द्यावेत." योग्य त्या! दोन सुना, एक पाटल्यांचा जोड, आणि योग्यता ठरवणारा परीक्षक स्वर्गवासी. बँकेची खाती कुठे, डीमॅट कुणाकडे, याचा पत्ता नाही. देशात हक्क न सांगितलेल्या ठेवी मार्च 2024 अखेर 78,213 कोटी रुपयांच्या होत्या; त्या शोधायला रिझर्व्ह बँकेनं 2023 मध्ये 'उद्गम' नावाचं पोर्टल काढलं. त्या ढिगात अशा कितीतरी बाणेदार आत्मचरित्रकारांच्या ठेवी असणार.

कागदाचा बाऊ तर विचारूच नका. "बाँडपेपर कितीचा लागतो?" शून्याचा. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही. साधा कोरा कागद चालतो, हस्ताक्षर चालतं, मराठी चालतं. नोंदणी ऐच्छिक, केली तर पुढे बरं पडतं. मिळकतींची यादी स्पष्ट, कुणाला काय ते नावानिशी, अंमल कोण करणार त्याचं नाव, तारीख, सही. आणि दोन साक्षीदार, ज्यांच्या समक्ष सही झाली आणि ज्यांनी स्वतः सही केली. आतला मजकूर त्यांनी वाचायची गरज नाही, त्यामुळे "लोकांना कळेल" ही सबबही बाद. वय झालेलं असेल तर त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडा, म्हणजे नंतर कुणी "बाबांना तेव्हा समजत नव्हतं" असं म्हणणार नाही. बाबांना समजत नव्हतं असं मुलं एरवी रोज म्हणतातच, पण कोर्टात ते शपथेवर म्हणावं लागतं.

फक्त साक्षीदार कुणाला करता ते बघा. आमच्याकडे पद्धत अशी, की पंचाहत्तरीचे काका हास्यक्लबातल्या ऐंशीच्या दोन मित्रांना घेऊन येतात. अहो, साक्षीदार तुमच्यामागे कोर्टात सांगायला हवेत, तुमच्याआधी वर जाऊन जागा धरायला नकोत. तरुण माणूस बघा. "तरुण कुठून आणू, बिल्डिंगमधली सगळी पोरं अमेरिकेत," असं काका परवाच म्हणाले. मग चौथ्या मजल्यावर भाड्यानं राहणारा तो आयटीतला मुलगा आहे, त्याला विचारा. तो तुम्हाला फारसा ओळखत नाही, त्यामुळे तुमच्याबद्दल चांगलंच सांगेल.